यमुलीच्या डोक्यातली टिटवी

गेल्या वसंतपंचमीच्या दुपारी आवळेवाडीच्या शेवंताबाई ढमढेरे यांनी ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती प्रत्यक्ष यमुलीच्या मावशीकडून ऐकली होती.

यमुली दोन वर्षांची असताना घराला आग लागली आणि तिचे आईबाप गेले. गरीब मावशीने तिला पोटाशी धरले. पण यमुलीच्या इवल्याशा डोक्यात एक टिटवी जागीच राहिली. भांडे पडो, दार आपटो, ती ओरडे, “पळ, पळ!” मग यमुलीचे काळीज धडधडे आणि शब्द घशातच अडकत.

मावशीला वाटे, पोरीला दृष्ट लागली. दर शनिवारी ती मीठमोहऱ्या उतरवून निखाऱ्यांवर टाकी. तड् तड् तड्! टिटवीचा नुसता आकांत!

अशीच चार वर्षे गेली. एका शनिवारी यमुली जाईच्या मांडवाखाली लपली. तोच एक कळी चमचमत उमलली आणि केशरी-निळ्या पंखांची बोटभर परी बाहेर आली!

“बाळे, एक मागणे माग. मात्र घडलेले पुसता येत नाही आणि दिलेले परत घेता येत नाही.”

“माझी टिटवी...” यमुली कुजबुजली.

“हाकलू? चुटकीसरशी!”

यमुली ‘हो’ म्हणणार, इतक्यात थबकली. “ती झोपते कधी गं?”

“कधीच नाही. त्या आगीत तिनेच तुला रडवून शेजाऱ्यांना जागे केले. तेव्हापासून ती पहाऱ्यावर आहे.”

“अगं बाई! मग नको हाकलू. दमली असेल बिचारी. तिला झोप दे.”

परीने आनंदाने गिरकी घेतली. सोनेरी परागकण भुरभुरले. “दिली! पण ती उबेवाचून निजत नाही. मांडी हवी, थोपटणे हवे, तेही रोज. ते मावशीकडे माग. शब्द मी मोकळे करते.”

इतक्यात मावशी मुठीत मोहऱ्या घेऊन धापा टाकत आली. “इथे दडलीस होय गं, भवाने! सारी वाडी पालथी घातली!”

“मावशे, तड् तड् नको! आग आठवते. मांडीवर घे.”

मावशीची मूठ सुटली. मोहऱ्या मातीत सांडल्या. “माझे बाई गं, मीच तुला भिववत होते!” तिने यमुलीला कुशीत ओढले. मांडवभर मोतिया उजेड फाकला आणि परी त्यात विरघळून गेली.

टिटवी काही एका दिवसात निजली नाही. पण मावशी रोज थोपटत राहिली, आणि पुढच्या जत्रेपर्यंत यमुली पोरांत लगोरी खेळू लागली. लगोरी धाडकन कोसळली, की सर्वांत मोठ्याने तीच हसे!

एवढीच एक गोष्ट पक्की करता आली नाही. मावशी सांगते, यमुलीची हाक ऐकूनच ती मांडवाकडे धावली. यमुली सांगते, तिने हाक मारलीच नव्हती.