तुरतुरी आणि बोर्डकाका

संगणकाचे पडदे पेटाऱ्याएवढे जाड होते, तेव्हाची गोष्ट. वाचनालयातल्या थकलेल्या संगणकात, बोर्डकाकांच्या म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत, तुरतुरी नावाची नवी मेमरी बसली. शेजारच्या जुन्या मेमरीपेक्षा, म्हणजे संथाक्कापेक्षा, ती दुप्पट वेगानं धावायची.

“आक्का, सरका! आता मी आले.”

“अगं, बोर्डकाकांना एवढं पळवत नाही. इथं सगळे त्यांच्या चालीनं चालतात.”

“मग त्यांनी चाल बदलावी!” म्हणत तुरतुरी सुसाट सुटली. बोर्डकाकांना धाप लागली आणि ‘टीं टीं’ करत संगणक बंद पडला.

“आता शेवटचं चालू करून बघते,” ग्रंथपाल टिळेकरबाई वैतागल्या. “नाहीतर भंगारात!”

 या वेळी तुरतुरी दातओठ खात आक्काच्या चालीनं चालली. पडदा उजळला. एरवी दोन कामांत गुदमरणारा संगणक चार कामं हसतखेळत करू लागला.

“केवढा वेग आला!” बाई हरखल्या.

“वेग? मी तर रांगतेय!” तुरतुरी फणकारली.

“रांग, बाई. पण आता ओझं उचलायला दोघी आहोत,” आक्का हसली.

 तुरतुरी हळूच म्हणाली, “काका, उद्या जरासं जोरात चालून बघू या?”

बोर्डकाका एवढंच म्हणाले, “टीं!”