चार मडकी, एक मोहोर

पूर्वी शोभावती नगरात सुमंगल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याचा पारखी होऊन जन्माला आला होता. क्षेमक त्याचं नाव. पिकावरची कीड मारायला कुणी नवा काढा उकळला, की तो आधी क्षेमकाकडे यायचा. मधमाश्यांना त्याने काय होतं, गुरांना काय होतं, मातीला काय होतं आणि पाण्यातल्या माशांना काय होतं, हे चार ठिकाणी पाहिलं जाई. शेवटी त्या काढ्याखाली वाढलेली माठाची भाजी क्षेमक बायकोपोरांना घेऊन खाई, आणि मगच मडक्यावर मोहोर उठे. लोक तिला लेकरमोहोर म्हणत. ती पाहिली की आई निर्धास्तपणे लेकराला घास भरवी. साऱ्या राज्याला त्या मोहरेचा अभिमान होता, आणि क्षेमकाला तर बोलायलाच नको.

एका वर्षी भाताला अळी लागली. नागिल वैद्याने काढा उकळला. शिंपडला की अळी गळून पडे. पण मडकं पारखीला गेलं ते गेलंच, परत येईना. लोक राजवाड्यापुढे जमले. सगळ्यांत पुढे वेणुका नावाची म्हातारी शेतकरीण.

"महाराज," ती म्हणाली, "अळीला मी काय सांगू? बाई, जरा दम धर, पारखी अजून बघतायत?"

लोक हसले, पण ते हसू कोरडंच होतं.

अमात्य उग्रदत्त क्षेमकाला म्हणाला, "मोहोर उठव आणि मोकळा हो. पारख मागाहून कर."

"आधी लग्न लावायचं आणि मग मुलगा बघायला जायचं, असं झालं हे, अमात्य."

"मग शेतं अळीला वाढ!"

राजा म्हणाला, "क्षेमका, मोहोर खोटी होता कामा नये, आणि भातही जाता कामा नये. नाही जमलं, तर ही मोहोर अमात्यांच्या हाती जाईल."

क्षेमक काठी टेकीत मडक्याच्या मागावर निघाला. मधमाश्या पाळणाऱ्या पिंगलाच्या अंगणात ते सापडलं. आंब्याखाली होतं आणि तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"माझं काम केव्हाच झालं, दादा," पिंगल म्हणाला. "माश्या खुशाल आहेत."

"मग मडकं इथे का?"

"पुनव यायचीय ना! इथून गुरांकडे, मग मातीकडे, मग माशांकडे. मडकं पुनवेलाच पुढे जातं. वाडवडिलांपासून तसंच आहे."

"पण का?"

पिंगलाने डोकं खाजवलं. "पूर्वी वाटेत रान होतं. चांदण्यात वाट दिसावी, म्हणून असेल."

"आणि रान कुठे आहे आता?"

पिंगलाने वळून पाहिलं. रानाच्या जागी भात उभं होतं आणि भातावर अळी होती.

क्षेमक तिथेच आंब्याखाली बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "पारखण्यात जातो तो वेळ मोहरेचा. पडून राहण्यात जातो, तो तर कुणाचाच नाही. अळीचा आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने एकाच उकळीची चार मडकी भरून एकाच सकाळी चौघांकडे धाडली. निरोप मात्र कडक होता. "फूल उमलायला जेवढं थांबावं लागतं, तेवढं थांबा. तिथे घाई केलीत, तर गाठ माझ्याशी आहे."

थोड्याच दिवसांत माशांची पारख करणारी कोळीण तळ्यावरून धावत आली. मासे पोटं वर करून तरंगत होते.

"चार मासे मेले तर एवढं काय!" उग्रदत्त म्हणाला. "बाकी ठिकाणी तर बरं दिसतंय."

"तळ्याचं पाणी लेकरं पितात, अमात्य."

नागिल मान खाली घालून उभा होता. क्षेमकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एक एक करत गेलो असतो, तर हे कापणी उलटल्यावर कळलं असतं. अजून वेळ आहे. कोणती मुळी झोंबली ते शोध."

नागिलाने एक मुळी काढून दुसरी घातली. "आता नुसतं माशांनाच दाखवू ना?"

"नाही रे बाबा. काढा नवा, तर मडकीही नवी. चारच्या चार."

या वेळी चारही ठिकाणांहून बरी बातमी आली. क्षेमक घरच्यांबरोबर जेवायला बसला. अंगणात गाव जमलं होतं. त्याच्या बायकोने पहिला घास घेतला. सगळे श्वास धरून.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

थोडे दिवस वाट पाहून, सगळी धडधाकट आहेत असं बघून, क्षेमकाने मोहोर उठवली.

तोवर कडेची काही शेतं अळीने नेली होती. त्यांत वेणुकेचाही एक तुकडा होता. बाकीचं भात उभं राहिलं. तिच्या हाती मडकं देताना क्षेमक म्हणाला, "माई, तुझा तुकडा गेला."

म्हातारीने मडकं फिरवून मोहोर शोधली आणि अंगठ्याने चाचपली. "तुकडा पुढच्या साली पिकेल, लेकरा. ही एकदा गेली असती, तर पुन्हा कुठून आणली असती?"

मडकं डोक्यावर घेऊन ती निघाली. मोहोर तिने मुद्दाम पुढच्या बाजूला केली होती, वाटेत सगळ्यांना दिसावी म्हणून.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्खूंना ही गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आजचा माझा शिष्य आनंद. काल आजाऱ्याला न चाखता औषध देऊ पाहणारा भिक्खू, तो तेव्हाचा अमात्य. त्याला आडवी आलेली म्हातारी उपासिका, ती वेणुका. आणि क्षेमक पारखी तो मीच." मग ते म्हणाले, "आळसाचा वेळ कापावा, सत्याचा कापू नये. हे ज्याला कळतं, त्याची ती प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."