मधाचा भाव आणि पाषाणाचा राजा

एका राज्यात मधाचा भाव फाशावर ठरे. महिनाभर घड्याला दहा मोहरा. पौर्णिमेच्या सकाळी कर्कोट मांत्रिक बुरुजावरून फासा टाकी आणि भाव त्या दिवसापुरता बारा तरी होई, नाहीतर आठ. ज्याला त्याची धास्ती वाटे, तो हळूहळू पाषाण होई. साऱ्या प्रजेची धास्ती एकट्यानं वाहता वाहता राजा सिंहासनावरच पाषाण झाला.

राजकन्या शर्वाणी बुरुज चढून गेली. खांद्यावर तिचा बोलका भारद्वाज पक्षी होता.

"माझ्या वडिलांना मोकळं कर."

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "फाशाला हात न लावता मधपाळाची धास्ती घालव. मग, ज्याला वचनात अडकायचं नाही, त्याचीही घालव. तिसरं काम त्या वेळी सांगेन. चुकलीस तर तूही पाषाण."

शर्वाणी डोंगरातल्या धाकोजी मधपाळाकडे गेली. भाव पडेल या भीतीनं त्याची पावलं दगडाची झाली होती. नगरातली नागाई वैद्यीण औषधासाठी मध घेई. भाव चढेल या भीतीनं तिची बोटं दगडाची झाली होती. शर्वाणीनं नागाईला धाकोजीच्या दारी आणलं.

"पौर्णिमेला फासा काहीही पडो, तुम्ही द्यायचा दहाला, हिनं घ्यायचा दहाला. पण धाकोजीबाबा, बारा पडले तर तुमच्या दोन मोहरा जातील."

"जाऊ देत, राजकन्ये. महिनाभर पाय माझे राहतील!"

दोघांनी हातावर हात मारला. दगड गळून पडला.

दुसरा होता तांडेल रायाजी. त्याचं जहाज वेळेवर आलं तर त्याला एक घडा मध हवा होता. न आलं तर नको होता. तोवर भाव चढेल या धास्तीनं त्याची छाती दगडाची झाली होती. शर्वाणी म्हणाली, "पौर्णिमेला माझ्याकडून दहाला घ्यायचा हक्क तुझा. घ्यायलाच हवा अशी सक्ती नाही. या हक्काचं मोल मात्र आज दे." रायाजीच्या छातीवरचा दगड विरला.

बुरुजावरून मांत्रिक गरजला, "हेच तिसरं काम! त्या हक्काचं खरं मोल सांग. फासा काय पडेल हे तर तुला ठाऊक नाही!"

भारद्वाज कुजबुजला, "मला दिसतं. सांगितलं तर माझी जीभ जळेल. पण सांगतो."

"नको सांगूस," शर्वाणी म्हणाली. "मला ते लागतच नाही. मोल एक मोहर."

रायाजीची एक मोहर घेतली, नागाईकडून चार उसन्या घेतल्या आणि पाच मोहरांना तिनं अर्धा घडा मध घेऊन ठेवला.

पौर्णिमा उजाडली. रायाजीचं जहाज वेळेवर आलं. फासा पडला. बारा!

अर्धा घडा सहा मोहरांना गेला. चार नागाईला परत केल्या, उरल्या दोन. बाजारात घडा बाराला, रायाजीला मिळायचा दहाला. तूट बरोबर दोन मोहरांचीच; ती शर्वाणीनं उरलेल्या दोनांतून भरली!

"आणि आठ पडले असते तर?" मांत्रिक ओरडला.

"तर अर्धा घडा चारला गेला असता आणि चारच परत केल्या असत्या. रायाजीनं बाजारातून आठला मध घेतला असता. मी कुणाचीच देणेकरी नसते. तुझा फासा तू हवा तसा टाक, कर्कोटा. आता त्याला कुणी भीत नाही."

फाशाचा चुरा झाला. बुरुज कोसळला आणि मांत्रिक धूर होऊन विरला. दरबारात राजानं डोळे उघडले. चौकाचौकांत दगड झालेली माणसं अंग झाडून उठली. नगारे वाजले.

भाव तिथे अजूनही चढतो, अजूनही पडतो; माणसं मात्र चालती-बोलती राहतात. आणि त्या राज्याच्या गादीवर पुढे शर्वाणी बसली.