लाटांचे मुजरे

बंदरात गलबत दोराला हिसके देत होतं, जिच्याबरोबर बाहेर पडायचं ती ओहोटी संपत आली होती. पण सुभेदारांचा हुकूम होता, मी आल्याशिवाय निघायचं नाही. सकाळी येणार होते, ते दुपारी आले आणि आल्या आल्या गलबत हाकणाऱ्या पोशा तांडेलावर गरजले, "वेंगुर्ल्याला कितव्या दिवशी पोचशील? अंतर ठरलेलं, शिडं तीच. दिवस चुकला तर फटके."

पोशानं हात जोडले. "सरकार, आपली कचेरी तर इथून दिसते. मग उशीर कशानं झाला?"

"लोक मुजऱ्याला आडवे येतात. किती येतील, हे आधी कोण सांगणार?"

"मला वारा आणि लाटा आडव्या येतात, सरकार. आणि त्या मुजरा करून बाजूला होत नाहीत."

सुभेदारांनी दोर सोडायची खूण केली.