राजकन्या मंदारिका आणि न विझणारे फलक

एका राज्यात रात्रच होईनाशी झाली, त्या राज्याची ही कथा.

तिथला राजा वज्रबाहू तलवारीला भीत नव्हता, मदमस्त हत्तीला भीत नव्हता. पण त्याची राणी एका अमावास्येला तापाने गेली, आणि तेव्हापासून राजा अंधाराला भिऊ लागला. सूर्य कलला की त्याचे हात कापत. ही गोष्ट मायावी भास्वराच्या कानी गेली. तो दरबारात आला, लवून म्हणाला, "महाराज, आपल्या हाताने एक दीप लावा. पुढे आपल्या राज्यात अंधार उरणार नाही."

राजाने दीप लावला. बुरुजावर तो मूळदीप जळू लागला, आणि त्याच्या ज्योतीवरून भास्वराने फलक पेटवले. ताडासारखे उंच, घराएवढे रुंद. आधी राजाचे नाव झळकले. मग अत्तरवाले आले, रेशीमवाले आले, मिठाईवाले आले. जो तो म्हणे, माझा फलक शेजाऱ्याच्या फलकाहून मोठा हवा, लखलखीत हवा. वेशीवर फलक, नदीच्या घाटावर फलक, देवळाच्या शिखरालाही फलक. लोक हरखून गेले.

मग एकेक गोष्ट बिघडू लागली. तारे दिसेनासे झाले. निशिगंधाच्या कळ्या मिटल्या त्या मिटल्याच. तान्ही मुले झोपेनात. त्यांच्या आया दिवसभर पेंगत, भांडत, रडत. क्रौंच पक्ष्यांचे थवे वाट चुकून फलकांभोवती घिरट्या घालत आणि दमून खाली कोसळत. लोकांनी फलकांवर पाणी ओतले, उजेड वाढला. दगड मारले, एका फलकाचे दोन झाले. आणि गलबते घेऊन दूरदेशी गेलेला युवराज सुमेध काही परतला नाही.

राजाची कन्या मंदारिका एका पहाटे बागेत गेली, तो कारंज्यापाशी एक क्रौंच पक्षीण पडलेली. राजकन्येने तिला मांडीवर घेतले, पाणी पाजले. पक्षीण बोलू लागली.

"मुली, तुझा भाऊ जिवंत आहे. बंदरापुढच्या खडकांपलीकडे त्याची गलबते चकरा मारताहेत. तुमच्या उजेडाने सारे आभाळ पांढरे झाले आहे. सुकाणूवरच्या तांडेलाला ध्रुव दिसत नाही, आणि पिण्याचे पाणी सरत आले आहे."

"यावर उपाय?"

"मूळदीप विझला की फलक विझतील. त्याला तीन गोष्टी लागतात. ज्याने कधी दिवा पाहिला नाही असा मूठभर अंधार. रात्री उमलणाऱ्या फुलावरचे दहिवर. आणि ज्या हाताने दीप लावला, तोच हात."

पक्षिणीने वाट सांगितली, तशी राजकन्या घोड्यावर बसली आणि निघाली. डोंगर ओलांडून पाताळगुहेपाशी आली. गुहेच्या तोंडाशी वटवाघळांचा म्हातारा राजा उलटा लटकत होता.

"मशाल बाहेर ठेव," तो म्हणाला.

"आत वाट कशी दिसेल?"

"दिसणार नाही."

राजकन्येने मशाल मातीत विझवली आणि ती आत शिरली. पाऊल पडताच तिची छाती धडधडू लागली. वडिलांची भीती तिच्याही रक्तात होती. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. ती भिंतीला हात लावून तिथेच बसली. बसता बसता दूरवर थेंब पडलेला ऐकू आला. मग स्वतःचा श्वास ऐकू आला. मग ओल्या दगडाचा वास आला. भीती ओसरली. राजकन्येने मूठ मिटली. मिटल्या मुठीत अंधार आला, मऊ आणि गार, मांजराच्या पिलासारखा. तो तिने बटव्यात घातला.

तिथून ती सात रानांपलीकडच्या माळावर गेली. तिथे एकच रजनीकमळ उरले होते. त्याच्या राखणीला एक यक्षिणी बसली होती.

"आज उमलेल," यक्षिणी म्हणाली. "उद्या नाही. पुन्हा कधीच नाही."

कळी हलली. एक पाकळी सुटली. तेवढ्यात आभाळ लखलखले. भास्वर आला होता. त्याने सोबत आणलेला फलक कळीच्या डोक्यावर धरला. सुटलेली पाकळी पुन्हा मिटू लागली.

राजकन्येने अंगावरचा शेला काढला आणि कळीवर ओणवी होऊन तो धरला. फलकाच्या झळांनी तिची पाठ भाजून निघाली. शेल्याला भोके पडू लागली, तेव्हा तिने केस मोकळे सोडून ती भोके झाकली.

"बाजूला हो, राजकन्ये! जळून जाशील!" भास्वर ओरडला.

"मी हलणार नाही."

तिच्या सावलीत फूल उमलले. पाकळ्यांवर दहिवर साचले. यक्षिणीने ते कुपीत भरून तिच्या हाती दिले. भास्वर दात खात महालाकडे उडाला.

राजकन्या घोडा फेकत राजधानीला पोहोचली आणि बुरुजावर चढली. मूळदीपापुढे राजा उभा होता. त्याच्या कानाशी लागून भास्वर बोलत होता, "महाराज, अंधाराने राणीसाहेबांना नेले. आता कन्येलाही नेईल."

"बाबा," मंदारिका म्हणाली, "आईला अंधाराने नेले नाही. तापाने नेले. त्या रात्री तुम्ही तिचा हात धरून बसला होतात. ती एकटी नव्हती."

राजा म्हणाला, "मला तिचा चेहरा दिसत नव्हता, बाळ."

"पण हात तर कळत होता ना? आता माझा धरा. दादा समुद्रात वाट शोधतो आहे."

राजाने तिचा हात धरला. मग तिची भाजलेली पाठ त्याला दिसली, आणि त्याचा दुसरा हात कापायचा थांबला. त्या हाताने त्याने बटवा घेतला आणि ज्योतीवर अंधार सोडला. कुपी घेतली आणि दहिवर शिंपडले. मूळदीप विझला.

वेशीवरचा फलक विझला. घाटावरचा विझला. शिखरावरचा विझला. भास्वर किंचाळला, आणि जिथे तो उभा होता तिथे चिमूटभर काजळी उरली.

नगरात काळोख पसरला. मग एका कडेवरच्या मुलीने वर बोट केले. "आई, ते काय?"

"तारे, बाळा. ते तारे," आई म्हणाली आणि रडू लागली.

सारे नगर गच्च्यांवर आले. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत होती. कठड्याशी बसून म्हातारे नक्षत्रांची नावे सांगू लागले, आणि सांगता सांगता लहान मुले त्यांच्या मांडीवर झोपली. क्रौंचांचा थवा उठला, डोक्यावरून एकदा वळला आणि सरळ दक्षिणेला गेला.

तिकडे समुद्रात तांडेल ओरडला, "ध्रुव! युवराज, ध्रुव दिसला!" शिडे फिरली. उजाडता उजाडता गलबते बंदरात शिरली, तेव्हा नगारे दुमदुमले, शिंगे फुंकली गेली, आणि राजा गुडघाभर पाण्यात धावत गेला.

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली: राज्यात कोणी फलक उजळू नये. दिवा लागेल तेवढाच लावावा, त्यावर झाकण असावे, त्याचा उजेड वाटेवर पडावा, आभाळावर नव्हे. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपापले फलक स्वतः उतरवले आणि त्यांच्या फळ्यांचे धक्क्यावर गोदाम बांधले. राजा वज्रबाहूने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि दर अमावास्येला तो गच्चीवर लेकीबरोबर बसे.

त्या राज्यावर जसे तारे फिरून उगवले, तसे ते ऐकणाऱ्यांच्या अंगणावर उगवोत, आणि त्यांच्या लेकराबाळांना गाढ झोप लागो.