गेनू कोष्टी कळा मोजतो

एका गावात एक भोळा कोष्टी होता. त्याचं नाव गेनू. हात असा कसबी, की त्याने विणलेलं लुगडं फाटता फाटत नसे. डोकं मात्र असं, की सांगितलं त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकत नसे. एकदा बायको म्हणाली, "अहो, तव्यावरच्या भाकरीवर ध्यान ठेवा, मी पाणी घेऊन येते." ती परत आली तर भाकरीचा कोळसा झालेला.

"ध्यान ठेवलं न्हाई व्हय?"

"ठेवलं की! आधी पिवळी झाली, मग तांबडी झाली, मग काळी झाली. डोळासुदिक मिटला न्हाई मी."

तिने दुसरी भाकरी थापली.

बायकोचं नाव कौतिका. ती गेनूच्या दुप्पट हुशार, म्हणून संसार ठीक चालला होता. गेनू मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे फेकी, कौतिका धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळून देई. आणि एके दिवशी कौतिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीतच आहे. पण तिची आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडून बसली. सासू तर लग्नाच्याही आधी वारलेली. म्हणजे घरात माणसं दोनच, कौतिका आणि गेनू. तिसरी एक शेळी, तीही गाभण. सुईण राहायची ओढ्यापलीकडच्या वाडीत. वेळ आली की तिला बोलावून आणायचं काम कोणाचं? गेनूचं. कौतिकाला बाळंतपणाची भीती वाटत होती तेवढी वाटतच होती, पण त्याहून जास्त भीती या एका गोष्टीची वाटत होती.

सुईणीला सगळे बनूआत्या म्हणत. आठवा सरून नववा लागला तशी आत्या स्वतः येऊन कौतिकाला तपासून गेली. जाताना तिने गेनूला मागावरून उठवलं.

"हे बघ गेनू, बाई पहिलटकरीण हाय. तिला काय ठावं नसतंय. तू ध्यान दे. कमरंतनं कळ निघाली आन् पोटाकडं आली, की माझ्याकडं यायचं. पळत यायचं. समजलं?"

"कमरंतनं निघाली, पोटाकडं आली, की पळायचं," गेनू म्हणाला. त्याने ते दिवसभर घोकलं. माग चालवताना घोकलं, जेवताना घोकलं.

दुसऱ्या दिवशी तो मीठ आणायला दामूशेट वाण्याच्या दुकानात गेला. दामूशेट गुळाची ढेप उचलत होता. उचलता उचलता मध्येच थांबला आणि कंबर धरून खाली बसला.

"आई आई गं! कमरंतनं कळ निघाली रं गेनू!"

गेनूने कान टवकारले. "शेट, पोटाकडं आली का?"

"आली रं, पार पोटापत्तुर आली!"

गेनूने मीठ तिथेच टाकलं आणि पळत सुटला. ओढा ओलांडला, वाडी गाठली. "आत्या, चला! कळ आली!" बनूआत्याने हातातलं धुणं तसंच टाकलं, बोचकं काखेत मारलं आणि धापा टाकत त्याच्या मागे आली. गेनूने तिला नेऊन उभं केलं ते दामूशेटच्या पुढ्यात.

"ह्ये काय?" आत्या म्हणाली.

"कमरंतनं निघाली, पोटाकडं आली. इचारा की शेटला. आन् पोट तर बघा केवढं हाय."

दामूशेटने आत्याकडे पाहिलं, आत्याने दामूशेटच्या पोटाकडे पाहिलं. गिऱ्हाइकं हसून हसून पोत्यांवर पडली. आत्याने कपाळाला हात लावला.

"आरं मुडद्या, घरात पोटुशी कोण हाय ते बघ! तिला कळ आली तरी लगीच येऊ नगं. आधी तिला चालव. चालल्यावर थांबली, तर ती फसवी कळ. चालवूनबी थांबली न्हाई, तर खरी. समजलं?"

"घरातली पोटुशी. चालवायची. थांबली न्हाई की पळायचं."

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी कौतिका मागच्या अंगणात सूत वाळत घालत होती आणि शेळी ओरडायला लागली. गेनू मागावरून उठला. घरातली, होय. पोटुशी, होय. त्याने शेळीला दावं लावलं आणि चालवायला काढली. मारुतीच्या देवळाला एक चक्कर मारली. शेळी ओरडतच होती. चावडीपर्यंत नेली. शेळी जास्तच ओरडायला लागली. भर उन्हात तिला तिसऱ्या चकरेला पुन्हा देवळाभोवती फिरवली, तेव्हा ती चारी पाय रोवून उभी राहिली आणि तिने अख्खं गाव गोळा केलं.

"चालवूनबी थांबत न्हाई," गेनू म्हणाला. "ही खरी."

तो पळाला. ओढा, वाडी, आत्या, बोचकं, धापा. "चालवली का रं?" आत्याने वाटेत विचारलं. "तीन चकरा मारल्या. वरडायची थांबतच न्हाई. मग खांबाला बांधून आलो."

"बांधून?" आत्या किंचाळली. उरलेली वाट म्हातारी अक्षरशः पळाली. अंगणात येऊन पाहते तर खांबाला शेळी. कौतिका तिला पाणी पाजत होती, आणि पाणी पिऊन शेळी गप्प झाली होती.

आत्या अंगणातच फतकल मारून बसली. तीही तांब्याभर पाणी प्याली.

"गेनू, माझ्या बाबा, शेळी न्हाई रं. बायकू! बायकूकडं बघ! एक कळ गेली की दुसरी किती येळानं येतीया ते मोज. खऱ्या कळा घाई करत येत्यात. फसव्या कवाबी येत्यात, कवाबी जात्यात."

"पर माझ्याकडं घड्याळ कुठं हाय?"

आत्याने मागाकडे पाहिलं. "मग धोटे मोज. दोनशे धोटे टाकायच्या आत दुसरी कळ आली, की निघ."

हे मात्र गेनूला पटलं. धोटे मोजण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्या दिवसापासून तो मागावर बसला की एक कान कौतिकाकडे लावून बसे.

पुढच्या सोमवारी कौतिकाच्या पायात काटा मोडला. "आई गं!" ती म्हणाली. गेनूने मोजायला सुरुवात केली. साठाव्या धोट्याला तिचा हात तव्याला लागला. "आई गं!" एकशे तिसाव्याला तिला मुंगळा चावला. "आई गं!" गेनूने धोटा ठेवला. कौतिका मागून हाका मारत राहिली, "अहो, कुठं निघालात? मला कायबी झालं न्हाई!" पण तो केव्हाच ओढ्यात शिरला होता.

बनूआत्या आली. तिने कौतिकाला पाहिलं. काटा पाहिला, फोड पाहिला, मेलेला मुंगळा पाहिला.

"ह्या खेपेला तर माणूस बरोबर हुतं," गेनू जरा रुसून म्हणाला. "बायकूच हुती. शेट न्हाई, शेळी न्हाई."

"नुसतं माणूस बघून भागत न्हाई!" आत्या कडाडली. "खुणा बघ, खुणा! पोटावर हात ठेव. कळ आली की पोट दगडावाणी घट्ट हुतंय, गेली की सैल पडतंय. सगळ्या खुणा जुळल्या तरच माझ्या दारात पाय ठेव. आन् कळा सुरू झाल्यावर तिला जड खाऊ देऊ नगं. घोटघोट पेज दे, बास." मग ती कौतिकाकडे वळली. "आन् पोरी, अंगावरनं लालसर चिकाट गेलं तर समज, येळ जवळ आली. पाणमोट फुटली तर मात्र ह्याला मोजत बसू देऊ नगं. तसाच हाकलून लाव."

"व्हय आत्या," कौतिका म्हणाली. तिने आत्याचा हात बराच वेळ सोडला नाही. आत्यालाही त्या पोरीची दया आली, पण दुसऱ्या गावचं एक बाळंतपण अडून होतं, तिला जावं लागलं.

आणि मग एका सकाळी, स्वयंपाक उरकता उरकता, कौतिकाच्या कमरेतून कळ निघाली आणि पोटाकडे आली. थोड्या वेळाने दुसरी आली. अंगावरून लालसर गेलं. कौतिका ओळखायचं ते ओळखून चुकली.

"अहो, जा. आत्याला बोलवा."

"थांब, आधी चाल," गेनू म्हणाला.

ती चालली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला धरून. कळ थांबली नाही. गेनूने पोटावर हात ठेवून पाहिलं. दगडासारखं घट्ट. मग सैल. "जुळतंय," तो खूश होऊन म्हणाला आणि मागावर जाऊन बसला. "आता मोजतो."

खटक खटक, खटक खटक. गेनू घाबरला होता, आणि घाबरला की त्याचा हात दुप्पट चाले. पुढची कळ आली तेव्हा तो दोनशे साठावर होता.

"अजून येळ हाय."

"अहो, आता लई जोरात आली!"

"जोर इचारला न्हाई आत्यानं. धोटे इचारलेत." खटक खटक. पुढच्या कळेला दोनशे चाळीस. त्याच्या पुढच्या कळेला पुन्हा दोनशे साठ, कारण मध्ये तो आणखी घाबरला.

कौतिकाने ओळखलं, की हा असाच मोजत राहिला तर पोर चालायला लागेल तरी हा उठायचा नाही. तिने काय केलं, भरलेल्या कांड्यांची पाटी हळूच पदराआड ओढली. धोट्यातली कांडी संपली. गेनूने पाटीसाठी हात मागे केला, तर पाटी नाही. तो शोधत राहिला, तेवढ्यात कळ आली.

"किती झाले?" कौतिकाने दात आवळून विचारलं.

"बावन्न!" गेनू ताडकन उठला. "अगं, बावन्नालाच आली! निघालं पायजे!"

पण दारात त्याला आठवलं. जड खाऊ देऊ नगं. चुलीपाशी चार ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, वांग्याची भाजी होती, हिरव्या मिरचीचा ठेचा होता. हे सगळं इथे ठेवून गेलो आणि हिने खाल्लं तर? गेनूने विचार केला आणि पटकन बसून सगळं संपवलं. चारही भाकऱ्या. पातेलं पुसून घेतलं. वर तांब्याभर पाणी प्याला. "आता काळजी न्हाई," म्हणाला आणि पळाला.

ओढ्याच्या अलीकडेच त्याच्या कमरेत काहीतरी चमकलं. तिथून निघालं आणि पोटाकडे आलं.

गेनू थबकला. त्याने थोडं चालून पाहिलं. थांबलं नाही. पोटावर हात ठेवला. दगडासारखं घट्ट. मोजायला धोटे नव्हते म्हणून पावलं मोजली. दोनशे पावलांच्या आत तीनदा आली. नुसतं माणूस बघून भागत नाही, खुणा बघ, असं आत्यानेच सांगितलं होतं. आणि खुणा तर एकूण एक जुळत होत्या.

तो दोन्ही हातांनी पोट सावरत, पाय फाकवून चालत बनूआत्याच्या दारात पोचला.

"आत्या, येळ आली."

"कौतिकाची?"

"तिलाबी कळा येत्यात. पर माझ्या लवकर लवकर येत्यात. आधी माझं बघा."

आत्याने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. बोचकं काखेत मारलं आणि गेनूला उंबऱ्यावर तसाच सोडून ती ओढ्याकडे धावली. "आत्या, अवो मला टाकून कुठं चालला!" गेनू विव्हळत मागे निघाला. दहा पावलं चालावं, बसावं, हुंदका द्यावा, पुन्हा उठावं. कौतिकाला आता एकटीलाच सगळं निस्तरावं लागणार, आपण काही यातून वाचत नाही, असं वाटून त्याला खरोखरच रडू आलं.

घरी पोचला तेव्हा आतल्या खोलीचं दार बंद होतं. शेजारच्या दोघी आत होत्या. ओसरीवर त्यानेच अंथरूण घातलं, डोक्याला आणि कानांना फडकं घट्ट बांधलं आणि आडवा झाला. दामूशेट चौकशीला आला होता. गेनूचा अवतार पाहून त्याने गेनूच्या पोटाला हात लावला, काय खाल्लं ते विचारलं आणि दुकानातून मूठभर ओवा आणला. वर गरम पाणी पाजलं.

आतून कौतिकाचा आवाज येत होता. बाहेरून गेनूचा येत होता. तो जास्त मोठा होता. आत्या आतून ओरडली, "जोर लाव गं माझी बाय, आता सोडू नगं!" गेनूने डोळे मिटले, दामूशेटचा हात धरला आणि जोर लावला.

तेवढ्यात त्याला एक भलामोठा ढेकर आला. पोट सैल पडलं. कळ थांबली. आणि त्याच क्षणी घरात ट्यँहा ट्यँहा सुरू झालं.

गेनूने डोळे उघडले. पोट चाचपलं. खरंच सपाट झालं होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. बनूआत्या घामाघूम होऊन बाहेर आली, पण तिचा चेहरा फुलला होता. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं बाळ तिने गेनूच्या मांडीवर ठेवलं. "घे बाबा. लक्षुमी आली. समदं नीट झालं."

गेनूने लेकीकडे पाहिलं. इवलंसं तोंड, मुठी मिटलेल्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आत्याचे पाय धरून म्हणाला, "आत्या, तुमी हुता म्हणून मी वाचलो." मग फडक्याने डोळे पुसून त्याने आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने ओरडला, "कौतिके, भिऊ नगंस! माझं सुखरूप झालं, आता तुझंबी हुईल!"

आत्या बोचकं बांधायला लागली, तसा त्याने तिचा पदर धरला.

"अवो आत्या, निघालात कुठं? बसा की. तिचं अजून व्हायचंय!"