शत्रूकडे तोंड

सोनखंडच्या राजाचा वकील धुंडिराजपंत तळेगिरीच्या दरबारात बारा तोफा मागायला आला. सीमेवर शत्रू चालून आलाय, असे त्याने सांगितले. पण मागच्या वर्षी दिलेल्या तोफा सोनखंडात कर कमी करा म्हणणाऱ्या विणकरांवरच डागल्या गेल्या होत्या. म्हणून तळेगिरीच्या भानजीराजाने या वेळी अट घातली, की तोफ रयतेवर चालवायची नाही.

“मित्राला अट?” पंत कडाडला. “हा आमच्या महाराजांचा अपमान आहे!”

राजा अडचणीत पडला. त्याला मैत्री मोडायची नव्हती आणि विणकरांचे मरणही विसरवत नव्हते. तेव्हा तोफा ओतणारा म्हातारा हणमाजी पुढे आला.

“सरकार, अट काढून टाका. पंतांनी तोफा खुशाल न्याव्यात. फक्त आपले गवंडी सोबत जातील. सीमेवर बुरूज बांधून, शत्रूकडे तोंड करून, तोफा चुन्यात पक्क्या बसवून देतील.”

“अहो, पण मग त्या शहराकडे वळवायच्या कशा?” पंत बोलून गेला.

“कशाला वळवता, पंत? शत्रू सीमेवर आहे ना?”

दरबारात हशा पिकला.

राजा म्हणाला, “हणमाजी, गवंडी आजच पाठव. बुरूज उभा राहिला की तोफा निघतील.”